ऋतूची सुरुवात नेमकी कोणत्या दिवशी मानावी?

प्रश्न – भूगोलवाचक

माध्यमिक वर्गांना भूगोल शिकवताना ऋतूंच्या पाठात एक अडचण दरवर्षी समोर येते आणि तिचे समाधानकारक उत्तर मला एका जागी मिळालेले नाही, म्हणून ती येथे सविस्तर मांडत आहे. उत्तर गोलार्धातला उन्हाळा २१ जूनच्या सुमारास सुरू होतो, असे खगोलशास्त्राची पुस्तके सांगतात. समशीतोष्ण देशांतले हवामान विभाग तोच उन्हाळा १ जूनपासून मोजतात. पूर्व आशियातल्या पारंपरिक दिनदर्शिकांत तो मेच्या पहिल्या आठवड्यातच सुरू झालेला असतो, आणि आपल्या पंचांगात तर ऋतू चार नसून सहा आहेत.

एका विद्यार्थिनीने विचारले की, २१ जूनला सूर्य सर्वांत उंच असतो, दिवस सर्वांत मोठा असतो आणि त्यानंतर दिवस लहान होत जातो, तर तो उन्हाळ्याचा आरंभ कसा. तो मध्य असायला हवा. तिचे म्हणणे मला रास्त वाटले. या सर्व व्याख्यांपैकी मूळ कोणती आणि सोयीची कोणती, हे मला समजून घ्यायचे आहे. त्याचबरोबर, वर्तुळाचे चार समान भाग पाडूनही ऋतूंचे दिवस समान का येत नाहीत, हेही कोणी नीट उलगडून सांगितले तर मी आभारी राहीन. मुलांना अर्धवट उत्तर देण्याची माझी इच्छा नाही, त्यामुळे उत्तर लांबले तरी चालेल.

उत्तर – वेधकर्ता

आपल्या विद्यार्थिनीने नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. तिला उत्तर देण्याआधी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे: खगोलशास्त्र काटेकोर व्याख्या करते ती चार क्षणांची, ऋतूंची नव्हे.

पृथ्वीचा आस तिच्या कक्षेच्या प्रतलावरील लंबाशी सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे आणि वर्षभर तो जवळजवळ एकाच दिशेला रोखलेला राहतो. त्यामुळे वर्षाचा काही काळ उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो, तर काही काळ दक्षिण गोलार्ध. पृथ्वीवरून पाहताना सूर्य ज्या मार्गाने तारकांमधून सरकतो त्या क्रांतिवृत्तावर त्याचा भोगांश, म्हणजे त्या मार्गावरचे अंशांत मोजलेले स्थान, शून्य होतो तो क्षण वसंतसंपात (मार्चमध्ये दिवस-रात्र जवळजवळ समान असताना), नव्वद अंश होतो तो जूनमधला अयनबिंदू, एकशे ऐंशी होतो तो शरदसंपात आणि दोनशे सत्तर होतो तो डिसेंबरमधला अयनबिंदू. हे क्षण गणिताने सेकंदापर्यंत काढता येतात आणि सर्व पृथ्वीवर एकाच वेळी घडतात. संपातापासून संपातापर्यंतचे वर्ष ३६५.२४२२ दिवसांचे असल्यामुळे हा क्षण दरवर्षी सुमारे पाच तास एकोणपन्नास मिनिटे पुढे सरकतो आणि लीप वर्षाचा जादा दिवस त्याला पुन्हा मागे आणतो. वसंतसंपात कधी २० मार्चला तर कधी २१ मार्चला का सापडतो, याचे कारण एवढेच आहे.

मात्र ‘भोगांश नव्वद झाला’ आणि ‘उन्हाळा सुरू झाला’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले मोजमाप आहे, तर दुसरी त्या मोजमापाला जोडलेली रूढी आहे. याच चार बिंदूंना ऋतूंचे आरंभ न मानता मध्य मानले, तर पूर्व आशियातली दिनदर्शिका मिळते. तिथे वर्षाचे चोवीस भाग पाडलेले असून उन्हाळा ५ मेच्या सुमारास, म्हणजे भोगांश ४५ असताना सुरू होतो आणि जूनमधला अयनदिन बरोबर त्याच्या मधोमध येतो. आयर्लंडमधल्या जुन्या कालगणनेतही मे, जून आणि जुलै हेच उन्हाळ्याचे महिने होत. म्हणजे आपल्या विद्यार्थिनीला जे सुचले, ते मानून चालणारी माणसे जगात पूर्वीपासून आहेत.

मग आरंभाची रूढी कशामुळे टिकली? तिच्यामागे उष्णतेचा जमाखर्च आहे. २१ जूनला सूर्याकडून मिळणारी उष्णता सर्वाधिक असते, परंतु त्यानंतरही कित्येक आठवडे ती जमीन आणि पाण्यातून बाहेर जाणाऱ्या उष्णतेपेक्षा अधिक राहते, म्हणून शिल्लक वाढतच जाते आणि तापमान चढत राहते. जमा आणि खर्च यांची बरोबरी होते तेव्हाच तापमानाचा कळस येतो. मध्य अक्षांशांवर खंडाच्या आतल्या भागात हा विलंब साधारण तीन ते चार आठवड्यांचा असतो. समुद्राकाठी तो याहून बराच अधिक असू शकतो, कारण पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. सॅन फ्रान्सिस्को शहराचा सरासरीने सर्वांत उष्ण महिना सप्टेंबर आहे, ही बाब या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तिन्ही व्याख्या या विलंबाच्या मापाने तपासून पाहा. ५ मे ते ७ ऑगस्ट हा उन्हाळा मानला, तर त्याचा मध्य २१ जूनला येतो, म्हणजे विलंब शून्य धरला. १ जून ते ३१ ऑगस्ट मानला, तर मध्य १६ जुलैच्या आसपास येतो आणि विलंब पंचवीस दिवसांचा होतो. २१ जून ते २२ सप्टेंबर मानला, तर मध्य ७ ऑगस्टच्या सुमारास जातो आणि विलंब जवळजवळ सत्तेचाळीस दिवसांचा होतो. वाद वरकरणी तारखांचा दिसतो; प्रत्यक्षात मतभेद आहे तो, कारण आणि परिणाम यांच्यात किती अंतर गृहीत धरायचे, याबद्दल. मला स्वतःला हे कोष्टक फळ्यावर मांडण्याजोगे वाटते, कारण त्यातून कोणतीही व्याख्या चुकीची ठरत नाही आणि प्रत्येकीचे गृहीतक मात्र उघडे पडते.

आता ऋतूंच्या असमान लांबीविषयी. वर्तुळाचे चार समान भाग कोनाने पाडलेले आहेत, काळाने नव्हे. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. केप्लरने १६०९ मध्ये मांडलेल्या नियमानुसार सूर्याजवळ असताना ग्रहाची गती वाढते आणि दूर असताना कमी होते. म्हणून उत्तर गोलार्धात आज वसंत सुमारे ९२.८, उन्हाळा ९३.६, शरद ८९.८ आणि हिवाळा ८९.० दिवसांचा भरतो. उन्हाळा हिवाळ्यापेक्षा साडेचार दिवसांनी मोठा आहे तो पृथ्वी त्या काळात दूर आणि संथ असल्यामुळे. ‘उन्हाळ्यात आपण सूर्याच्या जवळ असतो’ हा सर्वत्र आढळणारा गैरसमज दूर करण्यासाठी यापेक्षा ठोस पुरावा नाही, असे मला वाटते.

ही लांबीही कायमची नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीक खगोलशास्त्रज्ञ हिपार्कसने वसंताचे ९४.५ आणि उन्हाळ्याचे ९२.५ दिवस धरले होते, म्हणजे त्या काळी वसंत हा सर्वांत लांब ऋतू होता. पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असण्याचा बिंदू तेव्हा वसंताच्या चतुर्थांशात होता. आज तो सरकून उन्हाळ्याच्या चतुर्थांशात आलेला आहे. संपातबिंदूच्या संदर्भात ही फेरी पूर्ण होण्यास सुमारे एकवीस हजार वर्षे लागतात.

उत्तर – तापमाननोंद

वेधकर्ता यांचे विवेचन मला पूर्णतः मान्य आहे, परंतु हवामानशास्त्रातील व्याख्या ही केवळ सोय आहे असा समज त्यातून कोणाचा होऊ नये, म्हणून थोडी भर घालतो.

हवामानाच्या नोंदी महिन्यांच्या सरासरीने ठेवल्या जातात. २१ तारखेला ऋतू बदलणारा धरला, तर प्रत्येक ऋतूच्या दोन्ही टोकांना महिन्याचे तुकडे पडतात आणि संपाताची तारीख दरवर्षी हलत असल्यामुळे तुकडेही दरवर्षी वेगळे पडतात. अशा स्थितीत यंदाच्या हिवाळ्याची शंभर वर्षांपूर्वीच्या हिवाळ्याशी केलेली तुलना किंचित भिन्न कालखंडांची होते. पूर्ण महिन्यांचे तिमाही गट धरले की वसंत आणि उन्हाळा ९२ दिवसांचे, शरद ९१ दिवसांचा आणि हिवाळा ९० किंवा लीप वर्षी ९१ दिवसांचा ठरतो, आणि हा आकडा शंभर वर्षांपूर्वीही तोच असतो. याहून महत्त्वाचे म्हणजे, उत्तर गोलार्धाच्या मध्य अक्षांशांवरील बहुतांश भूभागावर जून, जुलै आणि ऑगस्ट हेच तीन सर्वांत उष्ण महिने असतात, तर डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी हे सर्वांत थंड. म्हणजे ही विभागणी मोजलेल्या तापमानाशी खगोलीय विभागणीपेक्षा अधिक जुळते. वर पंचवीस दिवसांच्या विलंबाचा जो हिशेब मांडला आहे, तो प्रत्यक्ष तापमानाच्या सर्वांत जवळ जाणारा आहे.

याच्याही पुढे जाणारी एक पद्धत स्वीडनच्या हवामान संस्थेने स्वीकारली आहे आणि ती मला विशेष अर्थपूर्ण वाटते. तिथे ऋतूला तारीखच दिलेली नाही. दिवसाचे सरासरी तापमान सलग पाच दिवस दहा अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक राहिले, तर त्या पाचांपैकी पहिल्या दिवशी उन्हाळा आला असे मागाहून नोंदवतात. सलग पाच दिवस सरासरी शून्य अंश किंवा त्याखाली राहिली, तर हिवाळा आला. वसंतासाठी शून्याच्या वर आणि दहाच्या खाली असे सलग सात दिवस लागतात. शिवाय एखाद्या उबदार आठवड्यामुळे फसगत होऊ नये म्हणून १५ फेब्रुवारीपूर्वी वसंत मोजायचाच नाही, असे बंधन आहे. परिणामी एकाच देशात वसंत दक्षिणेकडून उत्तरेकडे आठवडेच्या आठवडे प्रवास करताना नकाशावर दिसतो. देशाच्या दक्षिण टोकाकडील किनारी भागात एखाद्या सौम्य वर्षी हिवाळ्याची अट पूर्णच होत नाही आणि शरदानंतर थेट वसंताची नोंद होते.

चीनमध्येही चोवीस भागांच्या पारंपरिक विभागणीशेजारी अशीच तापमानाधारित पद्धत वापरात आहे. तिथे पाच दिवसांची सरासरी २२ अंशांच्या वर गेली की उन्हाळा आणि १० अंशांच्या खाली गेली की हिवाळा धरतात. दोन्ही देशांच्या मर्यादा वेगळ्या आहेत, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. स्वीडनमध्ये जो भर उन्हाळा मानला जातो, तो चीनच्या निकषावर अनेकदा वसंतातच मोडेल.

उत्तर – वेधकर्ता

तापमाननोंद यांच्या शेवटच्या वाक्यामुळेच माझी एक हरकत येथे नोंदवणे आवश्यक वाटते. ऋतू येणे किंवा न येणे हे मर्यादेच्या आकड्यावर ठरू लागले, तर ‘ऋतू’ आणि ‘त्या ऋतूतील हवा’ या दोन गोष्टी एकच होऊन बसतात. हिवाळा सौम्य होता असे म्हणण्यासाठी आधी हिवाळा हा कालखंड हवेपासून स्वतंत्रपणे ठरलेला असावा लागतो. ठरलेल्या कालखंडातील तापमान वाढले, हे विधान तपासता येते. हिवाळा आलाच नाही, हे विधान ऐकायला प्रभावी असले तरी तापमान मर्यादेपासून अर्ध्या अंशाने दूर राहिले की पाच अंशांनी, हे त्यातून कळत नाही. म्हणून स्वीडनची पद्धत मी पूरक मानतो. पाया म्हणून ती पुरेशी नाही.

भूगोलवाचक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. विलंबाचा हिशेब मी वर्गात नक्की मांडेन. परंतु या सर्व चर्चेत ऋतू म्हणजे थंडी आणि उष्णता असेच गृहीत धरलेले दिसते. सहा ऋतूंची आपली विभागणी यात कुठे बसते? आणि ज्या प्रदेशांत वर्षभर तापमान फारसे बदलत नाही, तिथे ऋतू कशावरून ठरवायचे?

उत्तर – अयनांश

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. सहा ऋतूंची विभागणी दोन प्रकारे केली जाते आणि गोंधळ बहुधा या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे होतो.

एका प्रकारात ऋतू चांद्रमासांना जोडलेले आहेत: चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, श्रावण-भाद्रपद वर्षा, आश्विन-कार्तिक शरद, मार्गशीर्ष-पौष हेमंत आणि माघ-फाल्गुन शिशिर. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने ते सौर वर्षापेक्षा दरवर्षी अकरा दिवसांनी मागे पडते आणि अधिक मास घालून ते पुन्हा सावरले जाते. त्यामुळे चांद्रमासानुसार मोजलेला वसंत इंग्रजी तारखांच्या हिशेबाने जवळजवळ एक महिना पुढे-मागे होतो. दुसऱ्या प्रकारात ऋतू सौर राशींना जोडलेले आहेत. सूर्यसिद्धान्त या प्राचीन खगोलग्रंथात मकरेपासून दोन-दोन राशींचा एक ऋतू धरला आहे: मकर-कुंभ शिशिर, मीन-मेष वसंत, वृषभ-मिथुन ग्रीष्म आणि याच क्रमाने पुढे. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. भोगांश वसंतसंपातापासून मोजले, तर वसंत ३३० अंशांपासून ३० अंशांपर्यंत येतो, म्हणजे संपात वसंताच्या बरोबर मध्यावर पडतो. परंतु जूनमधला अयनबिंदू कोणत्याही ऋतूच्या मध्यावर येत नाही. तो ग्रीष्म संपून वर्षा सुरू होण्याच्या सीमेवर येतो. चार भागांच्या पद्धतीतील ‘आरंभ की मध्य’ हा वाद सहा भागांच्या पद्धतीत या रूपात उरतच नाही.

खरी अडचण निराळी आहे. पृथ्वीच्या आसाची दिशा अतिशय संथपणे बदलत असल्याने संपातबिंदू तारकांच्या संदर्भात मागे सरकतो, यालाच अयनचलन म्हणतात. परिणामी तारकांच्या संदर्भातील वर्ष, म्हणजे निरयन वर्ष, संपातांच्या संदर्भातील सायन वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे. वीस मिनिटे ही क्षुल्लक वाटतात, पण सुमारे एकाहत्तर-बहात्तर वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. डिसेंबरमधला अयनदिन आणि निरयन मकर संक्रमण हे साधारण सतराशे वर्षांपूर्वी एकत्र येत असत. आज पहिला २१-२२ डिसेंबरला आणि दुसरे १४-१५ जानेवारीला घडते. हा फरक वाढतच जाणार आहे. ऋतू आसाच्या कलण्यामुळे होतात आणि तारकांचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही, म्हणून ऋतू सायन गणनेलाच जोडले पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात तरी शंका नाही. तारकांशी बांधलेली गणना अन्य कारणांसाठी ठेवावी. पण तिच्यावरून ऋतू सांगू नयेत.

१९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने हाच विचार केला होता. तिच्या शिफारशींनुसार २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, जी राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली तिचे वर्ष वसंतसंपाताला बांधलेले आहे. त्या दिनदर्शिकेत वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे आहेत आणि आश्विनापासून फाल्गुनापर्यंतचे सर्व ३० दिवसांचे. चैत्र एरवी ३० दिवसांचा असून लीप वर्षी ३१ दिवसांचा होतो. ही वाटणी मनमानी नाही. ३१ दिवसांच्या महिन्यांच्या काळातच पृथ्वी सूर्यापासून दूर असते, सूर्याची भासमान गती संथ असते आणि एक रास ओलांडायला त्याला अधिक दिवस लागतात. वेधकर्ता यांनी सांगितलेला केप्लरचा नियम अशा रीतीने महिन्यांच्या दिवसांत उतरलेला आहे. मुलांना ही दिनदर्शिका समोर ठेवून हे दाखवता येईल.

दिनदर्शिका ऋतूंपासून सुटली तर काय होते, याचे सर्वांत जुने उदाहरण प्राचीन इजिप्तचे आहे. तिथे ऋतू तीन होते: नाईलच्या पुराचा अखेत, पेरणी आणि उगवणीचा पेरेत आणि सुगीचा शेमू. प्रत्येकी चार महिने, प्रत्येक महिना तीस दिवसांचा आणि वर्षाच्या शेवटी पाच जादा दिवस. वर्ष अचूक ३६५ दिवसांचे असून लीप दिवस नव्हता, म्हणून दर चार वर्षांनी एक दिवस आणि सुमारे १२० वर्षांनी एक अख्खा महिना असा फरक पडत गेला. काही शतकांनी ‘पुराचा ऋतू’ या नावाचे महिने नदीला पूर नसतानाच येऊ लागले. इसवी सनापूर्वी २३८ मध्ये इजिप्तचा राजा तिसरा टॉलेमी याच्या काळी दर चार वर्षांनी एक दिवस वाढवण्याचा आदेश निघाला, पण तो टिकला नाही.

उत्तर – पर्जन्यरेषा

दुसरा प्रश्न उष्ण कटिबंधाचा आहे आणि या चर्चेत तो इतक्या उशिरा आला याचे मला वाईट वाटले, कारण पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे चाळीस टक्के भाग कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यान आहे. चार ऋतूंची चौकट तिथे मुळातच गैरलागू ठरते.

विषुववृत्तावर सूर्य वर्षातून दोनदा, दोन्ही संपातांच्या वेळी, माध्यान्हीला डोक्यावर येतो. वर्षातील सर्वांत उष्ण आणि सर्वांत थंड महिन्यांच्या सरासरीत तिथे अनेक ठिकाणी दोन-तीन अंशांचाही फरक नसतो, तर दिवस आणि रात्र यांच्या तापमानातील फरक याच्या कित्येक पट असतो. अशा प्रदेशात उन्हाळा आणि हिवाळा हे भेद निरर्थक होतात, मात्र वर्ष एकसारखे जाते असे नाही. दोन्ही गोलार्धांतील व्यापारी वारे जिथे एकमेकांना भिडतात तो ढगांचा आणि पावसाचा पट्टा सूर्यामागोमाग उत्तर-दक्षिण सरकतो. पूर्व आफ्रिकेच्या विषुववृत्तीय भागावरून तो वर्षातून दोनदा जातो, म्हणून तिथे मार्च ते मेचा मोठा पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबरचा छोटा पाऊस असे दोन पावसाळे आणि त्यांच्यामध्ये दोन कोरडे काळ येतात. ऋतू चारच झाले, पण त्यांचा आधार पाऊस आहे.

जिथे मोसमी वारे आहेत तिथे पावसाचा ऋतू इतका प्रबळ असतो की हवामान विभागालाही वर्षाची विभागणी त्याच्याभोवती करावी लागते. भारतीय हवामान विभागाची अधिकृत विभागणी चार असमान भागांची आहे: जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मोसमी पावसापूर्वीचा उष्ण काळ, जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर मोसमी पावसानंतरचा काळ. तीन महिन्यांच्या समान वाटणीचा आग्रह येथे धरलेला नाही आणि तो धरणे शक्यही नव्हते.

तापमाननोंद यांनी स्वीडनच्या निकषाचे वर्णन केले, त्याच्या तोडीचा आणि माझ्या मते अधिक विचारपूर्वक बांधलेला निकष मोसमी पावसाच्या आगमनाचा आहे. केरळात मोसमी पाऊस दाखल झाला असे जाहीर करण्यासाठी केवळ पाऊस पडून भागत नाही. केरळ, लक्षद्वीप आणि मंगळूर मिळून चौदा केंद्रे नेमून दिलेली आहेत. १० मेनंतर त्यांपैकी किमान साठ टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडला पाहिजे. त्याच वेळी पश्चिमेकडील वारे वातावरणात पुरेशा उंचीपर्यंत पोहोचलेले असले पाहिजेत, खालच्या थरातील त्यांचा वेग ठरलेल्या मर्यादेत असला पाहिजे आणि पृथ्वीवरून अवकाशात जाणारी दीर्घलहरी उष्णता प्रति चौरस मीटर २०० वॅटच्या खाली असली पाहिजे. शेवटची अट वाचणाऱ्याला अनोळखी वाटेल, पण तिचा अर्थ सरळ आहे: उंच, दाट आणि थंड माथ्यांचे ढग विस्तृत भागावर पसरले असले तरच उपग्रहाला ही उष्णता कमी दिसते. एखाद्या वादळामुळे पडलेला पाऊस आणि ऋतू म्हणून आलेला पाऊस यांना वेगळे काढण्यासाठी या सर्व अटी एकत्र लागतात. तारीख आधी ठरलेली नाही, आणि तरीही निर्णय कोणाच्या मर्जीवर सोडलेला नाही. वेधकर्ता यांच्या हरकतीचे उत्तर काही अंशी येथे मिळते, कारण जून ते सप्टेंबर हा स्थिर कालखंड आकडेवारीच्या तुलनेसाठी आणि आगमनाचा निकष प्रत्यक्ष घटनेसाठी, अशी दोन्ही मापे येथे शेजारी-शेजारी वापरली जातात.

उत्तर – पानगळ

एका प्रकाराचा उल्लेख राहिला आहे, तो थोडक्यात मांडते. ऋतू सजीवांवरूनही ओळखता येतो आणि त्याच्याही शिस्तबद्ध नोंदी आहेत. इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये वसंताच्या खुणा टिपण्यास सुरुवात केली: पहिले फूल, झाडांची पहिली पालवी, परतलेला पहिला पक्षी. त्यांच्या पश्चात घराण्यातील पुढच्या पिढ्यांनी हे काम विसाव्या शतकापर्यंत चालू ठेवले. जपानमधल्या क्योटो शहरातील चेरीच्या बहराच्या तारखा तर नवव्या शतकापासूनच्या मिळतात, आणि त्या तारखांवरून जुन्या काळातील मार्च महिन्याच्या तापमानाचा अंदाज बांधता येतो.

आज जपानमध्ये बहर जाहीर करण्याची रीत अशी आहे: प्रत्येक केंद्राचे एक ठरलेले झाड असते, निरीक्षक त्या झाडाजवळ जाऊन फुले मोजतात आणि पाच-सहा फुले उमललेली दिसली की त्या दिवशी बहर सुरू झाला असे नोंदवतात, सुमारे ऐंशी टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर. झाड तेच, जात तीच, मोजणीची रीत तीच, म्हणून एका वर्षाची नोंद दुसऱ्या वर्षाशी ताडून पाहता येते. या नोंदींना केवळ हौस समजणे अन्यायाचे होईल, कारण झाड तापमान, ओल आणि दिवसाची लांबी यांचा एकत्रित परिणाम दाखवते आणि तो एकट्या तापमापकाला दाखवता येत नाही.

उत्तर – वेधकर्ता

पर्जन्यरेषा यांनी दाखवलेली दोन मापांची जोडी मला पटली आणि माझी हरकत त्या मर्यादेपुरती मी मागे घेतो. भूगोलवाचक यांना शेवटी एक उदाहरण सुचवतो, ज्यात हवेच्या सवयीचे ओझे नसल्यामुळे व्याख्या स्वच्छ दिसते. ते मंगळाचे आहे.

मंगळाचा आस सुमारे २५ अंशांनी कललेला आहे, म्हणजे जवळजवळ आपल्याइतकाच. तिथले ऋतू शास्त्रज्ञ केवळ सूर्याच्या भोगांशावरून मोजतात: शून्याला उत्तर गोलार्धाचा वसंत, नव्वदला उन्हाळा आणि पुढे तसेच. वर्षांचे क्रमांकही ठरवलेले असून पहिले वर्ष ११ एप्रिल १९५५ च्या संपातापासून धरले आहे. परंतु मंगळाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेपेक्षा कितीतरी अधिक लंबवर्तुळाकार असल्याने उत्तर गोलार्धात वसंत सुमारे १९४, उन्हाळा १७८, शरद १४२ आणि हिवाळा १५४ मंगळदिवसांचा भरतो. कोनाने समान असलेले भाग काळाने किती असमान होऊ शकतात, हे मुलांना पृथ्वीच्या साडेचार दिवसांपेक्षा या बावन्न दिवसांच्या फरकातून चटकन समजेल.

आणि तिथेही केवळ भोगांशावर भागलेले नाही. मंगळ सूर्याच्या जवळ येतो त्या काळात, म्हणजे दक्षिण गोलार्धाच्या वसंत आणि उन्हाळ्यात, धुळीची मोठी वादळे उठतात आणि त्यांपैकी काही सर्व ग्रहाला वेढून टाकतात. सौर ऊर्जेवर चालणाऱ्या यानांचे नियोजन त्यामुळे भोगांश १८० ते ३६० हा धुळीचा काळ वेगळा धरून करावे लागते.